पोस्टातल्या काकूंना, पोस्टाशिवाय

ती. काकू,
शि. सा. न.

सगळी नोकरी टपालाच्या सॉर्टिंगला काढलेल्या बाईंना पत्र लिहायचं आणि तेही पेटीत न टाकता असं चारचौघांत मांडायचं, याचा तुम्हाला राग येणार. येऊ दे. जिन्यात आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे, दूध उतू जाईल तुझं" म्हणून दार लावून घेता. मग मी करू काय?

गेल्या नोव्हेंबरातला तो मंगळवार. बाबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी रजा टाकून त्यांना रिक्षानं बँकेत नेलं. दोन तास रांगेत, आणि आमची पाळी आली तेव्हा मशीन बंद. घरी आले तर लेक शाळेतून येऊन तुमच्याकडे थालीपीठ खात बसलेली. किल्ली माझ्या पर्समध्ये. मी तिथेच जिन्यात रडले. तुम्ही समजूत वगैरे काही काढली नाहीत. "दाखला पोस्टमन घरी येऊन करतो. ७० रुपये. बाबांना घेऊन हिंडायला सांगितलं कुणी?" शुक्रवारी पोस्टमन आला, बाबांनी आरामखुर्चीत बसून अंगठा दिला, वर त्याला चहा पाजला.

त्याच संध्याकाळी तुम्ही माझी यादी मागितलीत. मोबाइलमध्ये एक्केचाळीस कामं, प्रत्येकाला गजर. आईला कधी यादी लागली नाही. गुरुवारी पाणी बंद असलं की चादरी बुधवारीच धुतलेल्या असायच्या. ती गेल्यावर ते सगळं माझ्या अंगावर आलं आणि मी जे सुचेल ते सुचेल तसं लिहीत सुटले. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "आलं त्या क्रमानं टपाल वाटलं असतं, तर आमचे पोस्टमन अजून कोथरूडातच फिरत असते."

मग कालनिर्णयच्या जुन्या पानामागे तुम्ही खण आखलेत. पत्रं आधी बीटप्रमाणे, म्हणजे एकेका पोस्टमनच्या वाटपाच्या भागाप्रमाणे, खणांत पडतात, मग पोस्टमन आपल्या वाटेच्या क्रमानं, घरामागून घर लावून घेतो, हे मला तेव्हा कळलं. माझ्या यादीत ब्लाऊज सोमवारी, कुकरची रिंग बुधवारी, दुसऱ्या सत्राच्या वह्या शनिवारी अशा होत्या. तुमच्या मते हे एकच बीट. त्या शनिवारी मेट्रोनं डेक्कनला उतरले, लकडी पुलावरून अलका चौक, लक्ष्मी रोडवर शिंपी, मग तुळशीबाग, आणि अप्पा बळवंत चौक शेवटी, कारण वह्या जड. एक वाजता घरी!

दुसरा खण रजिस्टरचा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तुमच्या बोलण्यात मात्र ते अजून सुरू आहे. सही घेतल्याशिवाय सोडायचं नाही अशी कामं त्यात. बाबांच्या गोळ्यांची सही तुम्ही बाबांनाच करायला लावलीत. आता ते कॅलेंडरच्या त्या एवढ्याशा चौकोनात दोन वेळा पूर्ण सही ठोकतात, खाली रेघ मारून. सहा वाजता मी "गोळी घेतली का?" विचारायचे आणि आमचं वाजायचं, ते थांबलं.

पहाटे साडेचारला उठण्याचा तुमचा सल्ला मात्र मी पाळलेला नाही आणि पाळणार नाही.

आणि तो शेवटचा खण, रिटर्न लेटर ऑफिस, म्हणजे घेणारा न सापडलेली पत्रं जातात ते. रोज अर्धा तास जर्मन, माळा आवरणे, मावसबहिणीच्या नणंदेला केळवण. "ह्याला घेणारा कोण?" असं विचारत तुम्ही अकरा कामं त्यात टाकलीत, आणि खरं सांगते, त्यातल्या एकाचीही नंतर आठवण आली नाही. बारावं होतं, आईच्या साड्यांची गोधडी. तेही तुम्ही तिकडे सरकवलंत आणि माझ्याकडे बघून थांबलात. म्हणालात, तिथे पत्र उघडून आत पाठवणाऱ्याचा पत्ता सापडतो का ते बघतात. मग तो कागद परत माझ्यासमोर ठेवलात. "ह्यावर पाठवणारीचं नाव आहे."

गोधडी अजून झालेली नाही. साड्या काढून ठेवल्यात. मोरपिशी कापायला हात होत नाही. ती तुम्ही दोघींनी मिळून घेतलेली ना? रविवारी चारनंतर वर या. कात्री तुमच्याच हातात देते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची