ड्रॅगन सोबत्याचा खेळ पुन्हा यावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२०१४ मध्ये घोषित झालेला, जपानच्या प्लॅटिनमगेम्स कंपनीचा ‘स्केलबाउंड’ हा व्हिडिओ गेम मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये रद्द केला, याची हळहळ अजूनही वाटते. ड्रू हा तरुण आणि थूबान हा अजस्र ड्रॅगन यांचे त्यातील नाते मला विलक्षण वाटले होते, कारण थूबान हे नुसते वाहन नव्हते. तो स्वतःच्या बुद्धीने लढत असे आणि खेळाडू त्याला आज्ञा देऊ शकत असे. कानांवर हेडफोन चढवलेला ड्रू आणि त्याच्यामागे तो पर्वतप्राय देह, हे चित्रफितीतील दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. दिग्दर्शक हिदेकी कामिया यांनी हे काम पुन्हा हाती घेण्याची इच्छा २०२५ मध्ये जाहीरपणे व्यक्त केली असून, मायक्रोसॉफ्टने तिला प्रतिसाद द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक