‘राझी’तली सेहमत रडते, म्हणून ती कच्ची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र होतं. त्यांनी ‘राझी’ टीव्हीवर पुन्हा पाहिला (१९७१ च्या युद्धाच्या वेळी पाकिस्तानी लष्करी घरात लग्न करून हेरगिरी करणाऱ्या सेहमत या भारतीय मुलीचा चित्रपट), आणि त्यांचं म्हणणं असं की सेहमत फार रडते, हेरच असे रडत बसले तर देशाचं व्हायचं काय. शिवाय पाकिस्तानातलं सासर इतकं सोज्वळ दाखवायची गरज नव्हती. मी पंचाहत्तरी गाठलेली बाई. चित्रपटातलं मला फार कळतं असा दावा नाही. पण १९७० साली मी आपल्या बडोद्याच्या तारघरात लागले, मोर्सच्या किल्लीवर (टिंब-रेघांच्या खुणांनी तारा पाठवायची ती) काम केलं, आणि त्या मुलीच्या कामाचा एक कोपरा मला चांगला ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे.

सेहमत मोर्सवर संदेश पाठवते तेव्हा आमच्या घरातले सगळे ‘आता कुणी येईल का’ म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. मी तिचा हात बघत होते. आम्हाला शिकवताना पहिला धडा मनगटाचा असायचा. बोटानं ठोकायचं नाही, मनगट सैल सोडायचं. तीन-तीन महिने घोकंपट्टी, झोपेतसुद्धा उशीवर कट्ट-कडकट. आणि एकदा हात बसला की तो ओळखू येतो. नाव न सांगता दोन ओळी पाठवल्या तरी अहमदाबादच्या टोकाचा माणूस ओळखायचा, आज बडोद्याला कोण बसलंय. माझा ‘क्यू’ जरा लंगडा होता, त्यावरून चेष्टा व्हायची.

आता रडण्याचं. डिसेंबर १९७१ मध्ये गावात ब्लॅकआउट होता. जवळच कोयलीची रिफायनरी, त्यामुळे धास्ती जास्त. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेले, मोटारींचे दिवे अर्धे काळे केलेले. एका संध्याकाळी टेलिप्रिंटर रुसला होता म्हणून मी मोर्सवर तारा घेत होते. सुट्टीला दहा मिनिटं असताना ‘एक्स एक्स’ खुणेची एक आली. ती खूण म्हणजे मृत्यू नाहीतर गंभीर आजार. ‘डीपली रिग्रेट’ हे शब्द उतरवून झाले की पुढचं न ऐकताच कळायचं, फक्त नाव आणि पत्ता कुणाचा एवढंच उरायचं. पत्ता आमच्या पोळीतला, म्हणजे गल्लीतला होता. आमच्या दारापासून तिसरं घर.

फॉर्म पुढे दिला. तारवाला दुसऱ्या फेरीवर गेलेला, तो आल्यावर निघणार. मी घरी निघाले. त्या मावशी ओट्यावर अंधार पडायच्या आत तांदूळ निवडून घेत होत्या. म्हणाल्या, ‘‘काय गं, दमलीस? ये, चहा टाकते.’’

१८८५ च्या टेलिग्राफ कायद्याप्रमाणे तारेतला मजकूर फोडला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. पण खरं सांगते, त्या क्षणी मला कायदा आठवला नाही. नोकरीत रुजू होताना गुप्ततेची शपथ घेतली होती, तीही नाही. तोंडातून शब्दच निघेना. डोकं दुखतंय असं सांगून मी घरात शिरले आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. अर्ध्या तासानं सायकलची घंटा ऐकू आली. नंतरचं सगळ्या पोळीनं ऐकलं.

माझी ती अर्ध्या तासाची गोष्ट. सेहमत ते रोज करते, सकाळच्या चहापासून रात्रीपर्यंत. आणि म्हणूनच तिचं सासर भलं दाखवायला हवं होतं. नवरा तिला जपणारा, सासरे मान देणारे, जाऊबाई मायेच्या (हे काम आपल्या अमृता खानविलकरनं केलंय, आमच्या घरी तेवढ्यासाठी सगळे सरसावून बसतात). हे लोक दुष्ट असते तर त्यांना फसवायला काय लागतं? पोस्टातला सॉर्टरसुद्धा करेल. म्हाताऱ्या नोकराला जीपखाली घातल्यावर ती न्हाणीघरात कोसळते, तेव्हा पत्रलेखकांना ती दुबळी वाटली. मला वाटलं, बरं झालं, नळाला पाणी होतं.

युद्धाचा भाग मला चित्रपटात थोडा घाईत उरकल्यासारखा वाटला. पाकिस्तानच्या गाझी पाणबुडीची खरी हकिगत तर तारखात्यातल्या माणसानं डोक्यावर घेऊन नाचावी अशी आहे. गाझी आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या मागावर होती. विक्रांत अंदमानकडे सुरक्षित हलवलेली, आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असं भासवायचं होतं. त्यासाठी आयएनएस राजपूत या दुसऱ्या युद्धनौकेला विक्रांत असल्यासारखं वागायला लावलं, बिनतारी संदेशांची वर्दळ वाढवली, मांस-भाजीपाल्याच्या भल्यामोठ्या ऑर्डरी दिल्या, म्हणजे बाजारात बोलबाला व्हावा. आणि विक्रांतवरच्या एका खलाशाच्या नावानं साधी, उघडी, खासगी तार पाठवली: आई अत्यवस्थ आहे, तिची तब्येत कशी आहे? तेव्हाचे पूर्व नौदलाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. ‘मदर सीरियस’ हे आमच्या खात्यातलं सगळ्यात जुनं खोटं. रजा मिळवायला कारकुनापासून हवालदारापर्यंत सगळ्यांनी ते वापरलं, आम्ही हसत हसत पाठवलं. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. राजपूतनं टाकलेल्या स्फोटकांनी की तिच्याच पोटातल्या सुरुंगांनी, यावर दोन देशांचं अजून जमत नाही. आतली नव्वदहून अधिक माणसं गेली. त्यांच्या घरीही कुणीतरी तार नेली असेल.

आणि कच्च्या-पक्क्याचाच हिशेब करायचा तर बडोद्याला बाहेर बघायला नको. सूरसागरच्या काठावरचं आपलं म्युझिक कॉलेज ज्या गायनशाळेतून वाढलं, ती गवई मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ साली सुरू केली. मौलाबक्षांचे नातू हजरत इनायत खाँ, जन्म बडोद्यातला, १८८२ चा. त्यांची मुलगी नूर. लहान मुलांसाठी जातककथा लिहिणारी, सूफी घरात वाढलेली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली बिनतारी संदेशवाहक बाई. थंडीनं सुजलेल्या बोटांमुळे तिचा किल्लीवरचा हात इतका जड पडायचा की बरोबरचे त्यावरून तिला चिडवत. शिकवणाऱ्यांपैकी काहींनी तर ही मुलगी या कामाची नाही असं लिहून दिलं होतं. जून १९४३ मध्ये ती उतरली आणि थोड्याच दिवसांत तिच्या गटातली माणसं एकेक करून पकडली गेली. लंडननं परत ये म्हटलं, तिनं नकार दिला. संदेश पाठवायला पॅरिसमध्ये दुसरं कुणी उरलं नव्हतं. ऑक्टोबरपर्यंत ती टिकली. पकडल्यावर तिनं तोंड उघडलं नाही. तिच्या हातून चूकही झाली: पाठवलेल्या संदेशांच्या नकला तिनं वहीत जपून ठेवल्या होत्या, त्या जर्मनांच्या हाती लागल्या, आणि तिच्याच यंत्रावरून त्यांनी लंडनला फसवलं. तिथं तिचा हात नीट ऐकला असता तर, असं मला राहून राहून वाटतं. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छावणीत तिला गोळी घातली. तिचे वडील हिंदुस्थान सोडून निघाले तोही १३ सप्टेंबरच, १९१० चा. मागाहून तिला जॉर्ज क्रॉस हा इंग्रजांचा मोठा शौर्यसन्मान मिळाला.

तिच्याबद्दल वाचायला मिळतं त्यात ती कोठडीत रात्री रडायची असंही आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

त्या मावशींचं सांगायचं राहिलं. तेरावं झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. मला कळून चुकलं होतं की त्यांनी सगळं जुळवलंय: तारघर, माझी वेळ, डोकेदुखी. आता काय बोलतील म्हणून मी उंबऱ्याशीच उभी. त्या आत गेल्या, कपबशी घेऊन आल्या. ‘‘त्या दिवसाचा राहिलाय,’’ म्हणाल्या, ‘‘घे.’’ पत्रलेखकांनी तेव्हा मला पाहिलं असतं, तर मलाही कच्चीच म्हटलं असतं.

आपली नम्र,
एक निवृत्त तारबाई
दांडिया बाजार, बडोदे