मंत्रीसाहेब, नव्या स्पेशालिस्टना फोनवर बोलायला शिकवा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

साहेब, नमस्कार. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, शेवटची काही वर्षं लेबर रूमची इन्चार्ज. आता रिटायर झालेय, मेमोची भीती नाही, म्हणून मोकळं लिहिते.

एक रात्र सांगते. ग्रामीण रुग्णालयातून झटके आलेली बाळंतीण 108 मधून आली, सोबत तिथल्या एमओची, म्हणजे मेडिकल ऑफिसरची, चिठ्ठी, झटक्यांवरचं मॅगसल्फ किती दिलं, किती वाजता दिलं, सगळं व्यवस्थित. आमचे गायनॅक नुकतेच एमएस होऊन बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेले, हुशार पोरगा, हात तर असा की बघत राहावं. पण चिठ्ठी न वाचताच एमओला फोन लावला आणि नातेवाइकांसमोरच, "तुम्हाला काही येतं की नाही, सगळं आमच्याच गळ्यात मारता!" झालं. बाई वाचली, बाळ वाचलं, पण सासऱ्याच्या डोक्यात बसलं की गावच्या डॉक्टरनं केस बिघडवली, आणि दुसऱ्या दिवशी ते दहा-पंधरा माणसं घेऊन तिकडे भांडायला गेले. त्यानंतर त्या एमओनी आधी फोन करून कळवणंच सोडलं, पेशंट थेट दारात, आणि रात्री दोनला आम्ही रक्ताच्या बाटल्या शोधत पळतोय.

डॉक्टरांवर हात उचलणाऱ्यांची मी बाजू घेत नाही हां. 2017 ला धुळ्यात निवासी डॉक्टरला मारलं, डोळ्याला केवढी इजा झाली, राज्यभर डॉक्टर रजेवर गेले. कायदा तर 2010 पासून आहे. पण कायदा मारामारी झाल्यावर कामाला येतो, मला त्याच्या आधीचं बोलायचंय.

एमबीबीएसला 2019 च्या बॅचपासून 'एटकॉम', म्हणजे पेशंटशी-सहकाऱ्यांशी कसं वागायचं-बोलायचं ते, शिकवतात म्हणे, चांगलंय. पण पोरगा एमएस, एमडी होऊन पहिल्यांदा स्वतः युनिट सांभाळतो, एमओ, सिस्टर, वॉर्डबॉय मामा, भूलतज्ज्ञ, आशाताई सगळ्यांशी एकदम गाठ पडते, तेव्हा त्याला कोण शिकवतं? कोणी नाही. म्हणून बाँडच्या वर्षातच एक फेलोशिप सुरू करा, नाशिकचं आरोग्य विद्यापीठ एवढे फेलोशिप कोर्स चालवतं, त्यात हा एक. आठवड्यातून एक दिवस जिथून पेशंट येतात त्या ग्रामीण रुग्णालयात बसायचं. रेफर केलेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते एमओला फोन करून सांगायचं. डामाच्या, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून पेशंट घरी न्यायच्या, कागदावर सही घ्यायच्या आधी खुर्ची ओढून आजीला विचारायचं की बाई, घरी का न्यायचंय.

नाव आनंदीबाई जोशींचं द्या. स्वतःचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं म्हणून त्या डॉक्टर झाल्या, 1886 ला फिलाडेल्फियात डिग्री घेतली, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डची नेमणूकही झाली, आणि रुजू व्हायच्या आधीच फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. वय एकवीस. ज्यांची नोकरी सुरूच झाली नाही त्यांच्या नावानं नोकरी सुरू करणाऱ्यांना काही मिळावं, एवढंच माझ्या मनात आलं.

फक्त हॉटेलातली दोन दिवसांची कार्यशाळा आणि ग्रुप फोटो नको. आणि जिल्हा रुग्णालयं तुमच्याकडे नाहीत, आरोग्य खात्याकडे आहेत, हे मला माहितीये, तेवढं दोन्ही साहेबांनी बसून ठरवा.

शिकवायला रिटायर्ड सिस्टर आहेतच, मानधन नको, एसटीचं भाडं द्या. तेही आता अर्धंच लागतं.

आपली,
एक रिटायर्ड सिस्टर