चार खुर्च्यांबद्दल: ऑकलंडमधल्या मांगेरेच्या मामांना पत्र

प्रिय मामा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला ते वाचता येणार नाही. शनिवारी तुमच्या व्हरांड्यात बसून मी एकेक ओळ इंग्रजीत सांगेन. पण इंग्रजीत 'थँक यू' मी तुम्हाला इतक्यांदा म्हटलं आहे की आता ते येताजाता म्हणायचं काहीतरी झालंय. शिवाय तुम्ही कोण, हे सांगलीकडच्या माझ्या माणसांना कळायला हवं. त्यांना अजून वाटतं, २०२३ च्या पुरातून आम्ही नवऱ्याच्या पगारावर सावरलो.

मामा का म्हणते, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. पहिल्या दिवशी कुंपणापलीकडून तुम्ही म्हणालात, मला 'मातुआ' म्हण. मोठ्या माणसाला माओरीत मानाने तसं म्हणतात, हे मला नंतर कळलं. माझ्या कानाला तेव्हा 'मातुल' ऐकू आलं. शाळेत संस्कृतच्या बाईंनी पाठ करून घेतलेला शब्द, मातुल म्हणजे मामा. ऑकलंडमध्ये नात्याचं माणूस नव्हतं, ते असं कुंपणावरून मिळालं.

आम्ही तुमच्या शेजारी राहायला आलो ते २०२० साल. वॉरियर्स तेव्हा देशात नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या रग्बी लीग स्पर्धेतला न्यूझीलंडचा हा एकुलता एक संघ. कोविडात सीमा बंद झाल्या, तेव्हा खेळायचं तर तिकडेच जाऊन राहणं भाग होतं. मे २०२० मध्ये पोरं गेली. आधी टॅमवर्थला विलगीकरणात, मग सेंट्रल कोस्टवर, शेवटी रेडक्लिफला. कित्येकांनी महिनोन् महिने बायका-मुलांपासून दूर काढले. 'घरचा' सामनासुद्धा परक्या गावात. तुम्ही प्रत्येक सामना टीव्हीवर बघायचात आणि तुमचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. मला वाटायचं, हे कुणावर एवढे चिडतात?

मग मे २०२१ मध्ये सांगलीला आप्पा गेले. जायची सोय नव्हती. गेलेच असते, तर परत कधी येता येईल हेही कुणी सांगू शकत नव्हतं. भावाने फोन हातात धरला आणि मी सगळं त्या एवढ्याशा पडद्यावर पाहिलं. संध्याकाळी कपडे काढायला मागे आले, तेव्हा तुम्ही कुंपणाशी होतात. काय झालं ते ऐकलंत आणि म्हणालात, आमच्यात माणूस गेलं की तीन दिवस त्याच्याजवळ बसतात, त्याच्याशी बोलतात. तुला तिथे बसता आलं नाही, तर इथे बस. तीन संध्याकाळी मी तुमच्या व्हरांड्यात बसले. आप्पांबद्दल मराठीत बोलत होते, तुम्हाला एक शब्द कळत नव्हता आणि तुम्ही ऐकत होतात. मामी चहा ठेवून जायच्या.

म्हणून ३ जुलै २०२२ ला, हजाराहून जास्त दिवसांनी वॉरियर्स ऑकलंडमधल्या आपल्या घरच्या मैदानावर, माउंट स्मार्टवर उतरले आणि तुम्ही घसा बसवून घरी आलात, तेव्हा मला विचारावं लागलं नाही की एवढं काय झालं. टायगर्सना २२-२ ने हरवल्याचा तो आनंद नव्हता. पोरं घरी आली होती. मला घरी जाता आलं नव्हतं, म्हणून मला ते कळलं.

पण घरी आल्याने संघ सुधारला नाही. त्या वर्षी १६ संघांत १५ वा नंबर. २४ पैकी १८ सामने गमावले, अ‍ॅन्झॅक डेला मेलबर्नने ७०-१० अशी धूळ चारली. २०२३ सुरू होताना ऑस्ट्रेलियातले बरेच जाणकार त्यांना पुन्हा तळाशीच धरून चालले होते. नवा प्रशिक्षक अँड्र्यू वेबस्टर पेन्रिथच्या संघाकडून आलेला, मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलंच वर्ष. आणि ज्याच्यावर सगळी भिस्त तो शॉन जॉन्सन तिशी ओलांडलेला, संपला असं लोक उघड बोलत होते.

आणि त्याच उन्हाळ्यात २७ जानेवारीचा शुक्रवार आला.

त्या रात्रीबद्दल मी अजून नीट बोलू शकत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. माउंट स्मार्टवर एल्टन जॉनचा कार्यक्रम होता, तो ऐनवेळी रद्द झाल्याचं ऐकून मी मनात म्हटलं, पाऊसच तर आहे. सांगलीच्या माणसाने पावसाला असं म्हणू नये. कृष्णा अंगणात आलेली मी पाहिली आहे. तासाभरात मागचा ओढा घरात होता. नवरा विमानतळाच्या गोदामात रात्रपाळीला, तिथेही पाणी. पोरगं नऊ वर्षांचं. मी त्याला ओट्यावर उभं केलं आणि पासपोर्टचा डबा शोधत होते. तुम्ही मागच्या दाराने आलात, मांडीपर्यंत पाण्यात, त्याला खांद्यावर घेतलंत आणि मला म्हणालात, डबा राहू दे. मग मला तुमच्या घरी सोडून स्वतः परत गेलात आणि डबा घेऊन आलात. तुमचं घर चार पायऱ्या उंच, तेवढ्यावर वाचलं.

आमच्या दाराला पिवळा कागद लागला, म्हणजे घरात राहायला मनाई. गाद्या, कपाट, पोराची पुस्तकं, लग्नातला अल्बम, सगळं फुटपाथवर ढीग करून टाकलं. अल्बम तुम्ही ढिगातून काढलात आणि एकेक फोटो दोरीवर वाळत घातलात. आप्पांचा कबड्डीच्या संघातला फोटो त्यातच होता. कडेने शाई पसरली आहे, चेहरा शाबूत आहे. पंधरवड्याने गॅब्रिएल वादळ आलं तेव्हा मी दोन रात्री बूट घालून बसून होते, आणि तुम्ही माझ्यासोबत बसलात.

सात आठवडे आम्ही तुमच्या घरी राहिलो. जेवणाची अडचण व्हायला नको म्हणून मामींनी कुमारा आणून ठेवला आणि मी तो पाहून रडले, कारण ते रताळं होतं. एकादशीला मी कीस केला, शेंगदाण्याचं कूट घालून. तुम्ही दोनदा वाढून घेतलात.

आता ज्यासाठी हे पत्र, ते सांगते.

फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी तुम्ही टेबलावर चार पास ठेवलेत. पूर्वेकडच्या स्टँडमधल्या चार सलग खुर्च्या, अख्ख्या हंगामासाठी. मला राग आला होता, मामा. हे मी तुम्हाला पहिल्यांदाच सांगते आहे. घर नाही, भाडं दोन ठिकाणी अडकलेलं, आणि हा माणूस हरणाऱ्या संघाच्या खुर्च्या घेऊन आलाय. मी म्हटलं, हे पैसे परत कसे करू? तुम्ही म्हणालात, परत नको करू, फक्त ये. कुठेतरी ठरल्या वेळी जायचं असलं की आठवडा धरून ठेवता येतो.

ते शब्दशः खरं ठरलं. मला झोप नव्हती, तारीख-वार कळेनासे झाले होते. मग आठवड्याला कणा आला. मंगळवारी संघ जाहीर झाला का, शुक्रवारी कोण जखमी, रविवारी किती वाजता निघायचं. पोरगं पुन्हा बोलायला लागलं ते याच विषयावर.

खेळ तुम्ही मला समजावलात तो टेबलावर मीठदाणी आणि चमचे मांडून. तेरा जण. चेंडू घेऊन धावायचं, समोरचे धरून पाडणार, उठून पायाने मागे सारायचा आणि पुन्हा धावायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. मी मध्येच म्हटलं, ही तर चढाई आणि पकड! आणि तो शाई पसरलेला फोटो आणून तुम्हाला कबड्डी सांगितली. फोनवर एक सामना दाखवला. साखळी करून चार जण एकाला मागे खेचतात, ते पाहून तुम्ही खुर्चीतून उठलात. त्या दिवसापासून तुम्ही आप्पांना नावाने ओळखता. बचावाची रांग फुटली की मी 'साखळी तुटली' म्हणायचे, आणि जूनपर्यंत तुमच्याही तोंडी 'साकळी' बसलं होतं.

पहिला सामना ३ मार्चला वेलिंग्टनला, न्यूकॅसलवर २०-१२. माउंट स्मार्टवरचा पहिला, बुलडॉग्जविरुद्ध १६-१४, तो आपण चौघांनी खुर्च्यांतून पाहिला. मामींनी ब्लँकेट आणलं होतं. आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारचा क्रोनुलाचा सामना! ०-२० असे मागे. नवरा म्हणाला, टीव्ही बंद करूया, पोराला वाईट वाटतंय. तुम्ही रिमोट खिशात घातलात. एकेक करत पोरं परत आली, ३०-३० झाली, आणि जॉन्सनने जुन्याच संघाविरुद्ध शेवटची पेनल्टी मारून ३२-३० केली. माझं पोरगं घराबाहेर पळत गेलं आणि आमच्या बंद, पिवळा कागद लावलेल्या घराभोवती फेऱ्या मारत ओरडत राहिलं. पुरानंतर ते त्या अंगणात पहिल्यांदाच गेलं होतं. मी त्याला आत बोलावलं नाही.

पुढे सगळा देशच 'अप द वाज' म्हणायला लागला, वॉरियर्सचा जयघोष. सांगलीहून आई फोनवर विचारायची, 'वाज' म्हणजे काय गं, ढोल का? मी म्हटलं, हो, तसंच समज.

हंगामाअखेर १७ संघांत चौथे. वेबस्टर वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक. जॉन्सनचा सर्वोत्तम खेळाडूचा मान एका गुणाने हुकला, न्यूकॅसलचा पाँगा ५६ आणि तो ५५, आणि त्या एका गुणाबद्दल तुम्ही अजून कुणाशी शांतपणे बोलू शकत नाही. मला विचाराल तर तो मान त्याचाच होता. संपलेल्या माणसाने संघाला असं उचलून चौथ्या जागेवर ठेवणं मोजायला गुण कमीच पडतात.

१६ सप्टेंबर मला मिनिटामिनिटाने आठवतो. पेन्रिथकडून ३२-६ हरल्यावर न्यूकॅसलशी बाद सामना, आणि तो माउंट स्मार्टवर. असा सामना तिथे २००८ नंतर पहिल्यांदाच होत होता. जॉन्सन दुखापतीतून परत आलेला. ४०-१०. शेवटची दहा मिनिटं कुणी बसलं नाही. आपल्यापुढच्या रांगेतल्या सामोअन आजी माझा हात धरून नाचत होत्या, आम्ही दोघींनी एकमेकींचं नाव विचारलं नाही. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही बसलेले होतात, एकटेच, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी विचारलं, बरं वाटत नाही का? तुम्ही म्हणालात, माझ्या बाबांना इथे आणायला हवं होतं. मग मीही बसले. तेवढ्या गोंगाटात आपण दोघं आपापल्या बापांजवळ बसलो.

आठवड्याने ब्रिस्बेनमध्ये ४२-१२ असा पराभव झाला. हंगाम संपला. तुम्ही झेंड्याची घडी घातलीत, कपाटात ठेवलीत आणि म्हणालात, चांगली होती पोरं. आणि भांडी घासायला उठलात.

पुढच्या वर्षी संघ तेराव्या नंबरवर घसरला, जॉन्सन निवृत्त झाला. खुर्च्या त्याच राहिल्या. आता दोन आमच्या पैशाने आहेत, एवढा हट्ट तुम्ही माझा पुरवलात. पोरगं तुम्हाला कोरो म्हणतं, आजोबा. ते आता क्लबकडून खेळतं आणि कमरेखाली वाकून धरतं, अगदी आप्पा धरायचे तसं. हे त्याला कुणी शिकवलं, ते मला माहीत आहे, कारण तो फोटो तुमच्या फ्रिजवर लावलेला मी पाहिला आहे.

मामा, तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की सगळं ठीक होईल. तुम्ही खुर्ची दिलीत आणि शेजारी बसलात. त्याबद्दल आभार. डब्याबद्दल, दोरीवरच्या फोटोंबद्दल, रिमोट खिशात घातल्याबद्दल, त्या तीन संध्याकाळींबद्दल.

शनिवारी पाचला निघू. मामींना सांगा, कुमारा आणू नका, माझ्याकडे भरपूर आहे. ब्लँकेट मात्र घ्या, वारा सुटणार आहे.

तुमची भाची