बाबा, लेबलं सोलू नका

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गाडीतली अडकलेली सीडी निघाली. फोनवर नुसतं "निघाली" म्हटलं, कारण बाबा, तुमचं एकच चाललं होतं, "सुरी घाल आणि उचक." म्हणून सगळं लिहूनच कळवते.

सुरी घातली नाही. त्या फटीच्या आत सीडी ओढून घेणारा रबरी रोलर असतो आणि त्याच्या पलीकडे सीडी वाचणारं इवलंसं भिंग. सीडी निघालीही असती, पण प्लेअर भंगारात गेला असता. दुकानदाराने तर हातही न लावता सांगितलं, "हा सेट काढा मॅडम, टचस्क्रीन बसवून देतो." मी गाडी तशीच घरी आणली.

आधी चावी फिरवून इजेक्टचं बटण दाबून धरलं. आतून घर्र घर्र, सीडीची कड जरा दिसायची आणि परत आत. निघतो निघतो म्हणणारा पाहुणा उंबऱ्यावरून माघारी येतो तसं. मग १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, चहा करून प्यायले आणि परत जोडली. अशाने प्लेअर कधीकधी शुद्धीवर येतो. आपला आला तो कोड मागतच! गाडीबरोबर आलेल्या काही सेटना चोरीच्या भीतीने तसं कुलूप असतं, हे मला कुठे माहीत? घाम फुटला. कागद शोधायला डॅशबोर्डचा कप्पा उघडला, तर झाकणाच्या आत तुमचं लेबल: "टेप कोड", आणि खाली चार आकडे. डाळीच्या डब्यांपासून मीटरच्या पेटीपर्यंत तुम्ही लेबलं चिकटवता म्हणून आम्ही हसायचो. ते सगळं हसणं मागे घेते.

थोडंसंच मागे घेते, कारण पुढचं ऐका. एक कोरी सीडी अडकलेलीच्या वरून दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवली, जोर न लावता. ती हळूच हलवत इजेक्ट दाबलं. तिसऱ्या खेपेला चंद्रकोरीएवढी कड बाहेर आली, ती चिमटीत धरून ओढली. वर तुमच्याच निळ्या अक्षरात "भजनी मंडळ, आषाढी २०११". लेबलाचा कोपरा उलटा वळून चिकट झालेला. सीडी जेमतेम १.२ मिलिमीटर जाड, तिच्यावर कागद, त्यात गाडी दिवसभर उन्हात. गोंद सुटला आणि आत रुतून बसली.

आता तुम्ही कपाटातल्या बाकीच्या सीडींची लेबलं सोलायला बसाल, मला माहीत आहे. सोलू नका! आपण खालची बाजू जपतो, पण खाली चांगलं मिलिमीटरभर प्लास्टिक असतं. रेकॉर्डिंगचा चंदेरी थर असतो तो वर, लेबलाच्या खालीच, वार्निशच्या पातळ हाताखाली. लेबल ओढलंत तर त्याच्याबरोबर भजनही निघून येईल. सगळ्या तशाच पिशवीत घालून दिवाळीला आणा. ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्या बहुतेक चालतील, मी पेनड्राइव्हवर उतरवून देते.

आई, ही सीडी मी काल ऐकली. तिसऱ्या अभंगात मध्येच कुणीतरी दटावतंय, "अगं झांजा हळू, झांजा!" ती तूच ना?

तुमची,
मनू