बांतुलच्या इबुंना, पाय पाहायला शिकवल्याबद्दल

आदरणीय इबु,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे ठाऊक असूनही हे पत्र मी मराठीत लिहीत आहे आणि उघड लिहीत आहे. याचा इंडोनेशियन मजकूर तुमच्याकडे वेगळा पाठवीनच. परंतु तुम्ही मला जे दिले ते माझ्याकडच्या परिचारिकांपर्यंत, नर्सिंगच्या विद्यार्थिनींपर्यंत आणि घरात मधुमेहाचे वयस्क माणूस असलेल्या कुटुंबांपर्यंत पोचावे आणि ते कोणाकडून आले हेही त्यांना कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. निघताना तुम्ही बजावले होते म्हणून तुमचे नाव लिहीत नाही. आम्ही सगळे तुम्हाला 'इबु' म्हणत होतो, म्हणजे आई किंवा बाई. रुग्ण 'सुस्तेर' म्हणत, आणि डच काळापासून तिकडे रुजलेला तो शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा आपल्या वॉर्डातली 'सिस्टर' अशी हाक ऐकल्यासारखे वाटून मला परकेपणा उरला नव्हता.

हे पत्र लिहिण्यास एक कारण आहे आणि ते आधी सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. माझ्या पदव्युत्तर प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला अर्धे वाक्य आले आहे: 'स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले.' ते वाक्य मीच लिहिले आणि ते अपुरे आहे. सहकार्य ज्याने केले त्याचे काम माहिती गोळा करायला मदत करण्याचे असते. तुम्ही तर माझा प्रश्नच बदललात.

वाचकांसाठी थोडे सांगते. बांतुल हा जावा बेटावर योग्यकार्ता शहराच्या दक्षिणेला, हिंदी महासागराच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेला जिल्हा आहे. इंडोनेशियात १९६८ पासून 'पुस्केस्मास' म्हणजे लोक-आरोग्य केंद्रांची व्यवस्था उभी राहिली आणि आज देशात अशी दहा हजारांहून अधिक केंद्रे आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी त्यांचे बरेच साम्य आहे. त्यांच्या जोडीला गावोगावी महिन्यातून एकदा भरणारे 'पोस्यांदू' असते. तिथे बाळांचे वजन होते, वृद्धांचा रक्तदाब पाहिला जातो, मुगाची गोड पेज वाटली जाते, आणि हे सारे 'कादेर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावातल्याच स्वयंसेवक बायका सांभाळतात. राष्ट्रीय आरोग्य विमा १ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला. त्याच्यामार्फत मधुमेह आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी 'प्रोलानिस' हा कार्यक्रम चालतो, ज्यात सामूहिक व्यायाम, गटाने आरोग्यशिक्षण आणि घरभेटी असतात. या घरभेटी तुमच्याकडे होत्या, आणि मधुमेही वृद्ध घरी आपल्या पायांची काळजी कशी घेतात हा माझा विषय असल्यामुळे मी तुमच्या दारात येऊन उभी राहिले.

माझी प्रश्नावली रीतसर होती. ती इंग्रजीतून इंडोनेशियनमध्ये नेली होती, दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा उलट भाषांतर करून ताडून पाहिली होती, आणि नैतिक समितीची मान्यताही मिळालेली होती. पहिल्या आठवड्यात मी ती घेऊन घरोघर फिरले. तुम्ही रोज पाय तपासता का? इंग्गिह. बोटांच्या मधली जागा कोरडी करता का? इंग्गिह. अनवाणी चालणे टाळता का? इंग्गिह. आदराने म्हटलेला जावानी 'होय' मी रकान्यांत भरत गेले. पायांची इतकी निगुतीने काळजी घेणारी वस्ती जगात दुसरी नसेल, असे त्या कागदांवरून दिसत होते आणि मी समाधानी होते.

तुम्ही ते कागद पाहिलेत, पण माझी चूक काढली नाहीत. उद्या माझ्याबरोबर चल आणि हे इथेच ठेव, एवढेच म्हणालात.

त्या दिवशीचे घर मला अजून जसेच्या तसे दिसते. दारात भात वाळत घातला होता आणि आतल्या चटईवर म्बाह, म्हणजे आजी, बसल्या होत्या. चारच दिवसांपूर्वी त्यांनी मला प्रत्येक प्रश्नाला होय म्हटले होते. तुम्ही खुर्ची नाकारून चटईवर, त्यांच्याहून खालच्या अंगाला बसलात. तिकडच्या रिवाजाप्रमाणे कडक, दाट आणि भरपूर साखरेचा चहा पुढे आला. मधुमेहावर बोलायला आलेल्या परिचारिकेने तो नाकारला असता तर बोलणे तिथेच संपले असते, म्हणून तुम्ही एक घोट घेतलात आणि त्याच पेल्याकडे पाहत घरात साखर किती लागते याची गोष्ट काढलीत. नातवाच्या शाळेची चौकशी झाली, भाताच्या पिकाची झाली. मग तुम्ही अगदी मृदू आवाजात, वरच्या आदराच्या जावानीत, आजींचे पाय पाहण्याची परवानगी मागितलीत. पायासाठी रोजच्या जावानीत 'सिकिल' हा शब्द आहे, पण वडीलधाऱ्यांच्या पायाला 'सम्पेयान' म्हणतात आणि तोच शब्द 'आपण' या अर्थानेही वापरतात, हे मला त्या दिवशी कळले. आपल्याकडेही मोठ्यांच्या पायांना आपण 'चरण' म्हणतो आणि 'पायधूळ झाडा' म्हणून माणसालाच बोलावतो. ज्या पायांना वाकून नमस्कार करायचा ते पाय कुणी परक्या मुलीने उघडून दाखवायला सांगायचे, ही म्बाहंच्या दृष्टीने केवढी अवघड गोष्ट होती, हे माझ्या प्रश्नावलीत कुठेही नव्हते.

त्यांच्या चौथ्या आणि पाचव्या बोटांच्या मध्ये जखम होती. कातडी भिजून पांढरी पडली होती आणि आत ओल होती. त्यांना ती दुखत नव्हती, कारण तळव्याची संवेदना जवळजवळ गेलेली होती. दुखत नाही म्हणून ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणून पायांना काही झालेले नाही, असा तो सरळ हिशेब होता. दिवसातून पाच वेळा नमाजाआधी त्या घोट्यापर्यंत पाय धूत आणि तसेच ओले पाय घेऊन चटईवर उभ्या राहत.

परतताना म्बाह खोटे का बोलल्या असतील, असे मी विचारले. तुम्ही चालता चालता थांबलात आणि म्हणालात की त्या खोटे बोललेल्या नाहीत, त्यांना 'सुंगकान' वाटले. कागद घेऊन इतक्या लांबून आलेल्या पाहुणीला नाही कसे म्हणायचे, तिला नाराज कसे करायचे, हे ते वाटणे. त्या शब्दाला माझ्या भाषेत तंतोतंत शब्द आहे, इबु, आणि तो 'भीड' आहे. आमच्या खेड्यातली आजीसुद्धा डॉक्टरांसमोर 'बरं आहे सगळं' असे म्हणते ते भिडेपोटीच. हा शब्द लहानपणापासून मला येत होता, परंतु संशोधनाच्या पद्धतीत त्याला जागा द्यावी लागते हे मी बांतुलला शिकले.

दुसऱ्या दिवसापासून आपण अभ्यासाची मांडणी फिरवली. आधी पाहायचे आणि मग विचारायचे, असा क्रम ठरला. समितीकडे सुधारित आराखडा पाठवण्यासाठी तुम्ही दोन संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर माझ्याजवळ बसलात, आणि त्या वेळेचा मोबदला तुम्हाला कोणीही दिला नाही. 'पाय तपासता का' या प्रश्नाच्या जागी 'शेवटचे पाय कधी पाहिलेत, तेव्हा उजेड कुठून येत होता, तळवा दिसायला कोणाची मदत लागली' असे प्रश्न आले, ज्यांना नुसते होय म्हणून उत्तर देताच येत नाही. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे तळव्याची संवेदना तपासण्याचा नायलॉनचा बारीक धागा, केंद्रात एकच होता, म्हणून तुम्ही कादेर बायकांना बोटाच्या स्पर्शाची तपासणी शिकवलीत: रुग्णाने डोळे मिटायचे, दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला अगदी हलके टेकवायचे, आणि कुठे स्पर्श झाला ते रुग्णाने सांगायचे. नमाजापूर्वीचे पाय धुणे कमी करा, असे तुम्ही चुकूनही म्हटले नाहीत. न्हाणीजवळ एक लहान पंचा टांगा आणि बोटांच्या बेचक्या टिपून घ्या, एवढेच सांगितलेत, आणि ते लोकांनी केले, कारण त्यात त्यांना काही सोडायचे नव्हते.

२०१८ च्या इंडोनेशियाच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतले दोन आकडे मी तेव्हा तुमच्यासमोर ठेवले होते. पंधरा वर्षांवरील लोकांत डॉक्टरांनी मधुमेहाचे निदान केल्याचे सांगणारे २ टक्के होते, आणि रक्त तपासल्यावर मधुमेह आढळलेले ८.५ टक्के. तुम्हाला त्याचे आश्चर्य वाटले नाही. विचारल्यावर मिळते आणि पाहिल्यावर सापडते, यांच्यातले अंतर तुम्ही दर आठवड्याला घरोघरी पाहतच होतात, आणि तुमच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत ते वर्षानुवर्षे लिहिलेले होते. त्या वहीला तुम्ही कधी संशोधन म्हटले नाही. माझ्या मते तीच त्या केंद्रातली सर्वांत चांगली संशोधन-नोंद होती.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे आहेत. माझी संदर्भयादी वाचून तुम्ही विचारलेत की यात आमच्या माणसांची नावे कुठे आहेत. मला उत्तर देता आले नाही. मग तुमच्याच सांगण्यावरून मी वाचायला बसले. मकासरच्या बाजूला परिचारिका-संशोधकांनी मधुमेही पायांच्या जखमांचा आणि धोक्याच्या कारणांचा केलेला अभ्यास वाचला. पश्चिम कालिमांतानमधल्या पोंतियानाकच्या अतिदक्षता विभागात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना होणाऱ्या दाबव्रणांवर झालेले काम वाचले. बाहेरून आलेली मोजपट्टी आपल्या रुग्णांना कितपत लागू पडते हे आधी तपासून, शरीर आणि गादी यांच्यातला दाब, शरीराचे तापमान आणि धूम्रपान अशा तीनच गोष्टींवर त्यांनी धोका ओळखण्याची नवी मोजणी बसवली आणि २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढ पुरुष धूम्रपान करतात तिथे परिचारिकेच्या मोजणीत सिगारेटला स्थान मिळणे किती योग्य आहे, हे मला तो लेख वाचताना पटले.

सर्वांत खोलवर गेले ते सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरच्या आचेह प्रांताविषयीचे वाचन. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तिथल्या पुस्केस्मासमधल्या परिचारिकांना मानसिक आरोग्याच्या घरोघरच्या सेवेचे प्रशिक्षण देण्यात आले, आणि इंडोनेशिया विद्यापीठाच्या प्राध्यापक बुदी आन्ना कलियात यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. मनोरुग्णाला खोड्यात किंवा साखळीत अडकवून ठेवण्याला तिकडे 'पासुंग' म्हणतात. सरकारने १९७७ मध्येच त्यास मनाई केली होती, तरी घराच्या मागच्या खोलीत ते चालूच राहिले. बांदा आचेहच्या मनोरुग्णालयात आणलेल्या अशा ५९ जणांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींची बांधलेली अवस्था थोड्या दिवसांची होती, तर कुणाची वीस वर्षांपर्यंतची. घरच्यांनी सांगितलेल्या कारणांत क्रौर्यापेक्षा भीती अधिक होती: तो कुणाला मारील, कुठे निघून जाईल. घरातल्या अशा माणसाविषयी विचारले तर 'तो नातेवाइकांकडे गेला आहे' असे उत्तर मिळते, हे तुम्ही मला सांगितले होते, आणि पाहुणी म्हणून पुन्हा पुन्हा जाणाऱ्या परिचारिकेलाच कधीतरी ते मागचे दार उघडले जाते, हेही. म्बाहंच्या बोटांमधली जखम आणि हे बंद दार यांची जात मला एकच वाटते.

२०१४ च्या कायद्याने तुमच्या देशात परिचर्येला स्वतंत्र व्यवसाय म्हणून कायदेशीर चौकट मिळाली, हे तुम्ही अभिमानाने सांगत होतात. तरीही केंद्रात सकाळची रांग, लसीकरण आणि अहवाल यांतून घरभेटीला उरणारा वेळ तुम्ही जेवणाच्या सुटीतून काढत होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तो वेळ तुम्ही मला दिलात.

सध्या मी साताऱ्याजवळ नर्सिंगच्या मुलींना सामुदायिक आरोग्य शिकवते. गावात गेल्यावर त्या आधी खाली बसतात, चहा नाकारत नाहीत, आणि पाय पाहण्यापूर्वी परवानगी मागतात. बाहेरून आल्यावर हातपाय धुऊनच घरात यायची रीत आमच्याकडेही आहे, आणि धुतलेल्या पायांच्या बेचक्या पुसण्याची सवय आमच्याकडेही नाही, त्यामुळे तुमचा पंचा इथे जसाच्या तसा लागू पडला. तुम्ही कादेर बायकांसाठी काढलेल्या चित्रांच्या पट्टीची मराठी प्रत तयार केली आहे. तिच्यात एकच बदल आहे: तुमच्याकडची रबरी पट्ट्याची चप्पल काढून तिथे आमच्याकडची अंगठ्याची चप्पल काढली आहे, कारण ती जिथे घासते ती जागा वेगळी आहे. पट्टीखाली 'बांतुलच्या एका परिचारिकेने केलेली' असे छापायची तुमची परवानगी हवी आहे. कृपया या वेळी भिडेपोटी होय म्हणू नका. नको असेल तर नको असे कळवा.

म्बाहंची जखम भरली आणि त्या ईदनंतर व्यायामाला येऊ लागल्या, हे तुमच्या मागच्या निरोपातून कळले. त्यांना माझा नमस्कार सांगा. मी दिलेला पंचा विटला असेल तर कळवावे, येणाऱ्या माणसाबरोबर दुसरा पाठवते.

आपली ऋणी,
साताऱ्याची एक परिचारिका