कागदावरची कटिंग आणि गिऱ्हाईकाचं कापड

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या गावात शिलाईचं प्रशिक्षण घेतलेल्या अठरा बायका आहेत. मशीन रोज चालतं ते चौघींचं. बाकीच्यांच्या मशीनवर गोधड्यांच्या घड्या रचलेल्या दिसतात. ‘शिकवलं तरी बायका काही करत नाहीत’ असं लोक सहज बोलून जातात. ते ऐकवत नाही, म्हणून हे पत्र.

महिनाभराच्या वर्गात कटिंग शिकवतात ती जुन्या वर्तमानपत्रावर. कागदाला उभा-आडवा धागा नसतो आणि तो हातातून सुळसुळत निसटतही नाही. आमच्या गटातल्या एकीकडे पहिलं गिऱ्हाईक आलं ते लग्नातल्या कटोरी ब्लाउजचं. कापड सिल्कचं, आतून अस्तर. तिनं मापं घेतली, खडूनं आखलं आणि कात्री हातात धरून तशीच बसून राहिली. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेचा गोलावा, चुकला तर कापड भरून कुठून द्यायचं? शेवटी ती कापड घेऊन आटपाडीला एका टेलरकडे गेली. पुढे तीन महिने रोज दुपारी त्याच्याच दुकानात बसली. आधी हूक, मग फॉल-पिको, मग अस्तर कापणं, असं करत हात बसला. आज लग्नसराईत तिला जेवायला सवड नसते. प्रमाणपत्र चौघींकडेही आहे आणि उरलेल्या चौदा जणींकडेही. चौघींना मिळालं आणि चौदा जणींना नाही मिळालं, ते हे दुकानातलं बसणं.

वर्ग संपल्यावर दोन-तीन महिने चालत्या दुकानात कारागिराच्या हाताखाली उमेदवारी मिळाली पाहिजे. शिकवणाऱ्या कारागिराला मानधन आणि बाईला भत्ता द्यावा. पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाला दिवसाला 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळतेच, पण ती योजना आधीपासून धंदा करणाऱ्यांसाठी आहे. नव्यानं शिकणारीला तर त्याची जास्त गरज.

जिल्ह्याच्या ठिकाणी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. शिकणं, राहणं, जेवण, सगळं मोफत. पण जिच्या दावणीला दोन म्हशी आहेत तिनं इतके दिवस घर सोडायचं कसं? शेजारच्या म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं शिकवायची बसच गावोगाव नेली, ती यासाठीच.

आणि दरवेळी शिलाई आणि पार्लरच का? उन्हाळ्यात बोअरची मोटर जळली की ती वाइंडिंगला तालुक्याला जाते, दोन-दोन दिवस पाणी नसतं. तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरणं हे चिकाटीचं काम आहे, ते बायकांना कुणी शिकवायलाच आलं नाही. आमच्या गटातल्या तिघी आजही तयार आहेत. वर्ग तालुक्यातच हवा आणि वेळ दुपारी 12 ते 4. धारेच्या वेळेला त्यांना घरी पोचायचं असतं.

आपली,
एका महिला बचत गटाची अध्यक्षा
ता. आटपाडी, जि. सांगली